७८ अंश उत्तर : स्वालबार्डला निघालेल्यांचे प्रश्न

नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही कितीतरी उत्तरेला, ध्रुवापासून साधारण तेराशे किलोमीटरवर, स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. क्षेत्रफळ ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा. त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली आहे आणि माणसं सगळी मिळून तीन हजारांच्या आसपास. बहुतेक जण लाँगइयरब्येन या एकाच गावात राहतात. गेल्या काही महिन्यांत या बेटांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आठ दिवसांची रजा आहे. नॉर्दर्न लाइट्स, मध्यरात्रीचा सूर्य आणि हिमअस्वल, तिन्ही पाहायचं आहे. कधी जावं? (एक जोडपं, ठाणे)

तिन्ही एका खेपेत होणार नाही. लाँगइयरब्येनमध्ये २० एप्रिलच्या सुमारास सूर्य मावळायचा थांबतो, तो ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत. या चार महिन्यांत आकाश सतत उजळलेलं असतं, त्यामुळे ध्रुवीय प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, दिसायचा प्रश्नच येत नाही. उलट ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत भर दुपारी रात्रीसारखा अंधार असतो.

फक्त ध्रुवीय प्रकाशासाठी जायचं असेल तर माझा कौल नॉर्वेच्या मुख्य भूमीवर उत्तरेला असलेल्या ट्रॉम्सो शहराला. रात्रीच्या वेळी हा प्रकाश ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात सर्वाधिक दिसतो, तो पट्टा ट्रॉम्सोवरून जातो. स्वालबार्ड त्याच्याही उत्तरेला पडतं. स्वालबार्डचं वेगळेपण असं की तिथे ऐन हिवाळ्यात दुपारीही अंधार असतो, म्हणून दिवसाच्या बाजूचा, म्हणजे पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला होणारा ध्रुवीय प्रकाश डोळ्यांनी पाहता येतो. तो मंद असतो, पण जगात फार थोड्या वस्त्यांमधून दिसतो.

मला विचाराल तर पहिल्या भेटीसाठी मार्चची अखेर ते एप्रिल, नाहीतर जुलै. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ पक्का असतो, ऊन परतलेलं असतं आणि कुत्र्यांच्या गाड्या, स्नोस्कूटर सुरू असतात. ८ मार्चला गावात सूर्याचं स्वागत होतं. भोवतीच्या डोंगरांमुळे गावात ऊन उशिरा पोचतं, म्हणून जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांवर पोरंसोरं, म्हातारेकोतारे जमतात आणि पहिला किरण पायरीवर पडायची वाट बघतात. तो दिवस साधला तर जरूर साधा. जुलैत होड्या चालतात, कड्यांवर पक्ष्यांचा कल्लोळ असतो आणि तापमान पाच-सात अंशांवर असतं.

आठ दिवसांतले दोन दिवस मोकळे ठेवा. माझ्या पहिल्या खेपेला धुक्यामुळे विमान उतरू शकलं नाही, परत फिरलं आणि आखलेला पहिला दिवस वाया गेला. हाताशी फाजील दिवस नव्हता, म्हणून होडीची फेरीही गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगत आलो आहे.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं वाचलं. खरं आहे का? (एक वाचक, पुणे)

अर्धं खरं आहे आणि नेमक्या याच अर्ध्यावर लोक फसतात. १९२० च्या स्वालबार्ड करारानुसार बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे, पण तिथे जाण्या-राहण्यासाठी व्हिसा लागत नाही. भारतही या करारातला देश आहे.

मात्र तिथे पोचायचं तर नेहमीची विमानं ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतात, आणि ते शेंगेन क्षेत्र, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट, आहे. स्वालबार्ड शेंगेनबाहेर. म्हणजे तुम्ही भारतातून शेंगेनमध्ये शिरता, स्वालबार्डला जाताना बाहेर पडता आणि परतताना पुन्हा शिरता. दोन प्रवेश झाले. तेव्हा अर्ज करताना किमान दोन प्रवेशांचा व्हिसा मागा आणि हातात आल्यावर त्यावरचा प्रवेशांचा आकडा तिथल्या तिथे तपासा. एकच प्रवेश लिहिला असेल तर परतीच्या वाटेवर अडकाल. शेंगेन व्हिसासाठी ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. स्वालबार्डसाठी त्यात शोध आणि बचावकार्याचा खर्चही धरलेला असायला हवा. हेलिकॉप्टरचं बिल सामान्य कुटुंबाला पेलणारं नसतं.

वडील ७२ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. त्यांची फार इच्छा आहे. न्यावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

जरूर न्या. मात्र मुक्काम लाँगइयरब्येनमध्येच ठेवा, बाबांना आठवडाभराच्या जहाजसफरीवर पाठवू नका. लहान जहाजांवरून किनाऱ्यावर जाताना रबरी होडीत चढावं-उतरावं लागतं, तेही कधी घोटाभर पाण्यात, हलत्या होडीतून. दुखऱ्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. गावातून दिवसाच्या फेरीच्या होड्या निघतात. त्यांत बसून, गरम कॉफी पीत इसफ्योर्ड या खाडीतल्या हिमनद्यांपर्यंत जाता येतं. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणारा रस्ताच नाही. होडी, स्नोस्कूटर किंवा हेलिकॉप्टर. त्यामुळे गाडी घेऊन फिरण्याचा विचार डोक्यातून काढा.

गावातलं इस्पितळ छोटं आहे. गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला न्यावं लागतं. बाबांना हृदयाचा किंवा श्वासाचा जुना त्रास असेल तर निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी हे स्पष्ट बोला, आणि नेहमीची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवड्याची जास्त घ्या.

एक छोटी गोष्ट: तिथे बऱ्याच हॉटेलांत, संग्रहालयात बूट दाराशी काढतात. कोळसा खाणीतल्या कामगारांच्या पायांची काजळी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही रीत अजून टिकली आहे. आपल्याला ती लगेच अंगवळणी पडते. बाबांसाठी आतून घालायला जाड मोजे मात्र न्या.

हिमअस्वल नक्की दिसेल अशी सफर कुठली? (दोन मित्र, मुंबई)

"नक्की" म्हणणाऱ्याकडे पैसे देऊ नका.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अस्वल बर्फावर सील या समुद्री प्राण्यांची शिकार करून जगतं. समुद्रावरचा बर्फ कमी होत चालला आहे, त्यामुळे शिकारीचे दिवसही कमी होत चालले आहेत. माणसांच्या होडीमुळे पळावं लागलं की त्याची ताकद वाया जाते, पिल्लं असतील तर जास्तच. म्हणून त्याचा पाठलाग करणं, त्याला आमिष दाखवणं, त्रास देणं गुन्हा आहे. १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी कडक झाले आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर लांब राहावं लागतं. संरक्षित भागांत २०० हून जास्त प्रवाशांचं जहाज नेता येत नाही आणि तिथे ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येतं. काही सफरवाल्यांनी याबद्दल नाराजी व्यक्त केली. मला मात्र हे नियम मनापासून पटतात. पाचशे मीटरवरून अस्वल म्हणजे दुर्बिणीत हलणारा पिवळट ठिपका. तो ठिपका अर्धा तास निवांत चालताना बघणं, हे जवळून पळवलेल्या अस्वलाच्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

धोका मात्र खरा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तळावर तंबूत झोपलेल्या एका माणसाचा अस्वलाने जीव घेतला. गावाची हद्द ओलांडायची तर अस्वलाला पळवून लावण्याची साधनं जवळ असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि बंदूक ठेवण्याची शिफारस आहे. तुम्ही दोघांनी बंदुकीच्या भानगडीत पडू नये. अनुभवी, शस्त्रधारी वाटाड्यासोबतच जा. गावाबाहेर अस्वलाच्या इशाऱ्याची पाटी आहे, तिथे फोटो काढून मागे फिरा, "जरा पुढे जाऊन येतो" असं म्हणू नका.

अस्वल दिसलं नाही तरी बुटके रेनडिअर गावातच चरताना दिसतील. जून-जुलैत रस्त्याकडेला घरटी केलेले आर्क्टिक टर्न डोक्यावर चोच मारायला येतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरून चाला, ते सगळ्यात उंच टोकावर झेपावतात. दर हिवाळ्यात दक्षिण ध्रुवाच्या समुद्रापर्यंत जाणारा हा पक्षी आहे. त्याचा राग सोसून घ्या.

आम्ही पूर्ण शाकाहारी. उपाशी राहायची वेळ येईल का? (एक कुटुंब, नाशिक)

नाही. गावात मोठं किराणा दुकान आहे, भाज्या-फळं बाहेरून येतात म्हणून महाग. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. गावात थाई कुटुंबं बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यामुळे भात आणि तिखट दोन्ही मिळतं, फक्त "फिश सॉस नको" हे आठवणीने सांगा. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजकं पीठ, पोह्याचा चिवडा न्या. पेढे, खवा, तूप मात्र नको. नॉर्वेत युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे.

मी दर महिन्याला संकष्टी करते. जूनमध्ये तिथे असेन. चंद्रोदय किती वाजता धरायचा? (एक गृहिणी, सांगली)

ताई, तुमच्या प्रश्नाने मी पंचांग आणि खगोलाचं पुस्तक शेजारी ठेवून बसलो. तिथे जूनमध्ये संकष्टीचा चंद्र बहुधा उगवतच नाही. उन्हाळ्यात सूर्य आकाशात जितका उत्तरेला, तितका पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र दक्षिणेला असतो. ७८ अंशांवर इतका दक्षिणेचा चंद्र क्षितिजावर येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात उलट होतं. त्या काळोखात संकष्टीचा चंद्र दिवसभर डोक्याभोवती फिरत राहतो आणि मावळतच नाही. तिथल्या लोकांना तेव्हा चंद्राच्याच उजेडात बर्फाळ डोंगर दिसतात.

माझं मत असं की सांगलीचा चंद्रोदय धरा. जूनमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सांगलीत रात्री दहाला चंद्र उगवला तर तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतील. घरी फोन करा, घरचे अर्घ्य देतील तेव्हा तुम्हीही द्या. शास्त्रापुरतं घरच्या गुरुजींना एकदा विचारा.

मी कृषी पदवीचा विद्यार्थी आहे. बियाण्यांची तिजोरी आतून बघता येते का? आणि भारताचं संशोधन केंद्र? (एक विद्यार्थी, राहुरी)

तिजोरी आतून नाही. तिचं उंच, निमुळतं दार रस्त्यावरून दिसतं. तेवढ्यासाठीही जा. २००८ साली सुरू झालेल्या या साठ्यात डोंगरात शंभराहून जास्त मीटर आत, उणे १८ अंशांवर, जगभरच्या पिकांचे बारा लाखांहून जास्त नमुने आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांची बियाणी तिथे ठेवली आहेत. तू ज्या पिकांवर शिकतोस, तीच. हा साठा काही शोभेचा नाही. सीरियातल्या युद्धामुळे इकार्डा या संस्थेला २०१५ मध्ये आपलं बियाणं तिथून परत मागवावं लागलं, त्यावरून नवी पेरणी झाली आणि नंतर बियाणं पुन्हा तिजोरीत आलं.

भारताचं 'हिमाद्री' केंद्र लाँगइयरब्येनला नाही, त्याच्या वायव्येला न्यू-ओलेसुन्द या शास्त्रज्ञांच्या छोट्या वस्तीत आहे. २००८ मध्ये ते सुरू झालं आणि त्याचं काम गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत चालतं. पर्यटक तिथे जहाजाने पोचतात, ठरलेल्या वाटेवर चालतात आणि केंद्र बाहेरून बघतात. तिथल्या संवेदनशील रेडिओ उपकरणांसाठी मोबाईलचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. १९२६ मध्ये नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन याचं 'नोर्गे' हवाई जहाज ज्या खांबाला बांधलं होतं, तो खांबही त्या वस्तीत उभा आहे.

पर्यटक म्हणून एकदा बघण्यापेक्षा तिथे काम करायची संधी शोध. वास्कोच्या केंद्रातर्फे आर्क्टिक मोहिमांसाठी संशोधन प्रस्ताव मागवले जातात. पदव्युत्तर शिक्षणात माती, सूक्ष्मजीव किंवा हवामान यातला विषय घेतलास तर मार्गदर्शकांमार्फत अर्ज करता येईल. गोठलेल्या जमिनीतल्या जिवाणूंवर काम करायला माणसं लागतात, आणि शेतीचं शिकलेल्या माणसाला मातीशी बोलायची सवय असते.