जुन्या मासिकांवरून त्या काळच्या मुंबईतल्या बायकांची फॅशन खरंच कळते का?

कळते, पण मुखपृष्ठावरून कमी आणि जाहिरातींवरून जास्त. दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या स्त्रिया अप्रतिमच, पण ते चित्रकाराच्या मनातलं सौंदर्य. बाजारात काय विकलं जात होतं, ते आतल्या पानांत सापडतं. अफगाण स्नो ही मुंबईत तयार होणारी क्रीम. लक्सच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी म्हणजे आपल्या लीला चिटणीस, १९४१ साली. टाटांचं लॅक्मे आलं १९५२मध्ये आणि 'फेमिना' मुंबईतूनच १९५९मध्ये सुरू झालं.

माझ्या दादरच्या मावशीकडे साठच्या दशकातला एक अंक आहे. ब्लाउजच्या बाहीचं चित्र असलेल्या पानावर शिंप्याच्या निळ्या खडूच्या खुणा आहेत, आणि कडेला पेन्सिलीने लिहिलंय, 'बाही अर्धा इंच लांब.' अंक घेऊन ती थेट शिंप्याकडे जायची. मला तो अर्धा इंच फार मोलाचा वाटतो. मासिकाने सुचवलेली फॅशन आणि चाळीत चालणारी फॅशन, यातलं अंतर तेवढंच होतं!

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने अंक मागा. विकत हवे असतील तर फोर्टातले फुटपाथवरचे पुस्तकवाले गाठा. घेताना जाहिरातींची पानं फाडलेली नाहीत ना, हे आधी तपासा. आणि घरी आणल्यावर पावसाळ्यात तेवढे ओलीपासून जपा.