पहिलं वर्ष हप्ता वाढवू नका

तुम्ही विचारलंय, की येत्या एप्रिलात बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन जर्मनीत श्टुटगार्टला येताय, नाशिकच्या फ्लॅटचं ३० लाखांचं कर्ज आहे, तर इथे आल्याबरोबर हप्ता दुप्पट करावा का. मी इथे अकरा वर्षं आहे, आम्हीही पुण्याच्या घराचा हप्ता मागे ठेवूनच आलो होतो. माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष हप्ता आहे तेवढाच राहू द्या.

तुम्ही पगारातून महिन्याचा खर्च वजा करून बाराने गुणलंय. इथले बारा महिने सारखे नसतात. घर घेतानाच तीन महिन्यांच्या मूळ (हीटिंग-पाणी सोडून) भाड्याइतकी अनामत मागतात. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, पण हे कोणी आपणहून सांगत नाही, तुम्हीच बोला. शिवाय बरीच घरं अगदी रिकामी मिळतात. आम्ही किल्ली घेऊन आत शिरलो तेव्हा स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाइप आणि छताला लोंबणाऱ्या वायरी, एवढंच होतं. ओटा, सिंक, शेगडी, दिवे, सगळं आपणच आणायचं. तीन आठवडे मी खिडकीत इंडक्शन ठेवून खिचडी केली आणि भांडी बाथरूममध्ये घासली.

खरा दणका पुढे बसतो. भाड्यात हीटिंग-पाण्याचे जे पैसे धरतात तो नुसता अंदाज असतो, वर्षाचा पक्का हिशोब वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत कधीही येतो. आमचा पहिला लिफाफा डिसेंबरात आला: ६१२ युरो भरा. मुलगा लहान, म्हणून आधीच्या हिवाळ्यात हीटर दिवसरात्र पाचवर, म्हणजे सगळ्यात जास्त, ठेवला होता. त्याच आठवड्यात भारताची तिकिटं काढली होती. त्या महिन्याचा पुण्याचा हप्ता भावाने भरला. पैसे मी लगेच परत केले, पण ती गोष्ट अजून मनाला लागून आहे.

तुमची घाई मला कळते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण २६,००० रुपये, आणि पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० नुसतं व्याज! पण समजा, जादाचे दोन लाख वर्षभर उशिरा भरले तर सुमारे १७,००० रुपये व्याज जास्त जाईल. परक्या देशात तेवढी रक्कम हाताशी असण्याची ही किंमत मला रास्त वाटते. तुमचं कर्ज फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं असेल, तर मध्येच जादा रक्कम भरायला दंड नाही. आम्ही दुसऱ्या वर्षापासून इथला करपरतावा आला की वर्षातून एकदाच भरत गेलो. बँकेला दर वेळी लेखी कळवायचं, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. तसं कळवलं नाही तर कधीकधी हप्ताच कमी करून टाकतात.

निघण्याआधी हप्त्याच्या खात्यात तीन हप्ते शिल्लक ठेवा. इथे आल्यावर एनआरई खातं (परदेशातली कमाई भारतात ठेवण्याचं) उघडा आणि जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या. इथे वर्षाचे मोठे खर्च बाराने भागून दरमहा वेगळ्या खात्यात टाका: हीटिंगचा फरक, तिकिटं, गाडीचा विमा. रेडिओ-टीव्हीची वर्गणीही त्यातच धरा. घरात टीव्ही नसला तरी दर तीन महिन्यांनी ५५.०८ युरो द्यावेच लागतात.

मुलीसाठी सरकारकडून दरमहा जे किंडरगेल्ड मिळतं, त्याचा अर्ज मात्र आल्या आल्या करा. मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचेच देतात.