श्रावणात दारू बंद करतोयस, तर हे ऐक

आधी खरं सांग, रोज घेतोस का? सकाळी हात थरथरतात? मग गटारीला यथेच्छ ढोसून दुसऱ्या दिवशी एकदम बंद, असला पराक्रम नको. रोजची भरपूर दारू अचानक तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांना विचारूनच थांब. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. तिथे जायला लाज कसली?

शनिवार-रविवारवाला असशील तर शरीराचा त्रास कमी, पण संध्याकाळ अंगावर येते. तेव्हा रिकाम्या पोटी राहू नकोस. ऑफिसातून निघतानाच शेंगदाणे, केळं, काहीतरी खा. माणूस भुकेलाच तलफ समजून बसतो. गोडाची ओढ लागेल, खा एखादी जिलबी. वजनाचा हिशोब सध्या राहू दे. हाताला ग्लासची सवय असते, त्यात ताक, सोलकढी, लिंबू सोडा काहीही चालेल. (बिनअल्कोहोलची बिअर मला पटत नाही, चवीने नको ते जागं होतं.)

झोप सुरुवातीला बिघडेल. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते. ती घडी बसायला वेळ लागतो. दुपारनंतर चहा टाळ, सकाळी तळजाईला किंवा पर्वतीच्या पायऱ्या चढायला जा. सिंहगडही चालेल, फक्त उतरल्यावर ‘बसू या का’ म्हणणारी मंडळी सोबत नकोत.

मित्रांना ‘श्रावण पाळतोय’ एवढंच सांग, फार खोदून कुणी विचारत नाही. काहीजण तसंच गणपतीपर्यंत ताणतात. जमलं तर तूही ताण.