सांध्यांचा आजार आणि हृदयाची तपासणी

प्रश्न : माझ्या आईचे वय ५४ असून तिला काही वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आजार आटोक्यात ठेवणारे मेथोट्रेक्सेट हे औषध चालू आहे. सांधे फारच धरले की ती मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी आणून घेते. ब्रिटनमधील लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावशीलाही हाच आजार आहे आणि तिथल्या वार्षिक तपासणीत तिच्या हृदयाचीही चौकशी होते. आईला मात्र याविषयी कोणीच काही बोलले नाही. ती सडपातळ आहे, कोलेस्टेरॉलही नॉर्मल आहे. तरी काळजी करावी का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : होय, आईंच्या हृदयाची तपासणी व्हायलाच हवी. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, हे बहुतेक रुग्णांना ठाऊक असते. पण यातून होणारा दाह, म्हणजे आतली सूज, सांध्यांपुरता राहत नाही, तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा करतो आणि तिथे चरबीचे थर लवकर साचू लागतात, हे फार थोड्यांना सांगितले जाते. हृदयविकाराचा धोका त्यामुळे साधारण दीडपट धरतात. त्यातच आपल्याकडे, म्हणजे एकूणच दक्षिण आशियाई लोकांमध्ये, हृदयविकार तुलनेने लहान वयात आणि कमी वजनातही गाठतो. ब्रिटनमध्ये धोका मोजण्यासाठी जी क्यूरिस्क ३ पद्धत वापरतात, तीत हा आजार आणि भारतीय वंश या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या जातात.

सडपातळ असण्यावर विसंबू नये. दीर्घकाळच्या दाहाने स्नायू झिजतात, चरबी मात्र राहते, त्यामुळे वजनाचा काटा फसवतो. कमरेचा घेर टेपने मोजावा; स्त्रियांमध्ये तो ८० सेंटिमीटरच्या आत हवा. कोलेस्टेरॉलचेही तसेच आहे. दाह जोरात असताना रिपोर्टमधील आकडा खाली येऊ शकतो, धोका मात्र कमी झालेला नसतो, म्हणून आजार आटोक्यात असताना ही तपासणी पुन्हा करून घ्यावी. सोबत रक्तदाब आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पाहावी. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असल्यास किंवा आईंना मशेरीची सवय असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे. मशेरी हा तंबाखूच आहे.

डायक्लोफिनॅक मनाने घेणे थांबवावे, हे मी आग्रहाने सांगतो. या गटातील वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो, हृदयावरचा धोकाही वाढतो. गोळीची गरज वारंवार भासत असेल, तर मूळ आजार पुरेसा आटोक्यात नाही असे समजून संधिवाततज्ज्ञांना भेटावे. मेथोट्रेक्सेट मात्र भीतीपोटी बंद करू नये. दाह आवरला की हृदयाचेही रक्षण होते. स्टेरॉइड चालू असल्यास ते कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी काळ असावे, आणि परस्पर एकदम बंद करू नये.

ही चौकशी राहून का जाते? संधिवाततज्ज्ञांना वाटते की फॅमिली डॉक्टर हृदयाकडे पाहत असतील, फॅमिली डॉक्टरांना वाटते की तज्ज्ञांकडे सगळे होतच असेल. म्हणून पुढच्या भेटीत दोन्हीकडची फाइल न्यावी आणि ‘आईच्या हृदयाचा धोका किती आहे?’ असे सरळ विचारावे.

एक धोका मला विशेष चिंतेचा वाटतो. ज्यांचा खांदा रोजच दुखतो, त्यांना हृदयाची कळसुद्धा सांध्याचीच वाटते. सांध्याचे दुखणे बहुधा हात हलवल्यावर वाढते आणि सकाळी अधिक जाणवते. जिना किंवा चढ चढताना छातीत, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत दाटून येत असेल आणि थांबल्यावर ओसरत असेल, तर लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवावे. स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसती धाप, घाम, मळमळ किंवा अचानक आलेला थकवाही असू शकतो. असा त्रास एकाएकी सुरू झाला किंवा बसल्याजागी थांबेना, तर घरी शेकत बसू नये. १०८ वर फोन करावा आणि आजाराचे नाव व चालू औषधे आधीच सांगावीत.