जुनी चेनसॉ सुरू करण्याआधी

जुनी चेनसॉ हातात आल्या आल्या सुरू करायची दोरी ओढू नका. मफलर (धूर बाहेर सोडणारा डबा) काढून टॉर्चच्या उजेडात पिस्टन बघा. त्यावर उभे खोल ओरखडे असतील तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च आहे, आधी तो परवडतो का ते ठरवा. गुळगुळीत असेल तर स्पार्क प्लग काढा, आत टू-टी ऑइलचे (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) चार-पाच थेंब सोडा आणि दोरी हळू ओढा.

खरं दुखणं बहुतेक वेळा इंधनाच्या वाटेत असतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं, रबर खराब करतं. टाकीतली नळी चिमटीत दाबा. तडे दिसले तर नळी आणि फिल्टर दोन्ही बदला. कार्बोरेटरमधला डायफ्राम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, बोटाने हलवून बघा. चांगला असेल तर मऊ लवतो, गेलेला असेल तर कागदासारखा कडकडतो. कडक डायफ्राम पेट्रोल ओढत नाही, म्हणून मशीन सुरू होऊन लगेच बंद पडतं. नुसतं धुऊन भागत नाही, कार्बोरेटरचं पूर्ण दुरुस्ती किटच टाका.

प्लगची गॅप ०.५ मिमी. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर १ लिटर ताज्या पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो.

बारची (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) खाच खरवडा, ऑइलचं भोक मोकळं करा. आणि चेन जागच्या जागी थांबवणारा चेन ब्रेक लागत नसेल तर ती चेनसॉ लाकडाला लावूच नका.