नजर गेली म्हणजे मन गेलं का?

"दारू सोडून आठ महिने झाले, तरी ह्यांची नजर वाईन शॉपवर जातेच. पुन्हा सुरू करतील का हो, मॅडम?" व्यसन सुटलेल्यांच्या घरून हा प्रश्न फार येतो. परळच्या एका जोडप्याचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ मान खाली घालून बसले होते. "दुकानाचं सोडा, स्टेशनच्या गर्दीत कुणाच्या हातात काळी पिशवी दिसली तरी डोळे तिकडे जातात. प्यावंसं वाटत नाही, आईशप्पथ." बाईंना ते पटेना. बसमध्ये खिडकीची जागा त्या स्वतः अडवत, ह्यांना बाहेरचं दिसू नये म्हणून. तरीही मान वळलीच, तर रात्री जेवताना भांडण.

माझा मात्र त्यांच्यावर विश्वास बसला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ब्रायन अँडरसन आणि सहकाऱ्यांचा २०११चा एक प्रयोग आहे. लोकांनी पडद्यावर लाल किंवा हिरवं वर्तुळ शोधायचं, बरोबर आलं की थोडे पैसे. मग काम बदललं: आता वेगळा आकार शोधायचा, रंगाकडे बघायचंच नाही, पैसेही बंद. तरी ज्या रंगावर आधी जास्त पैसे मिळाले होते तो मध्ये आला, की शोध रेंगाळायचा. पुढच्या अभ्यासात सहा महिन्यांहून अधिक काळ लोटल्यावरही हा परिणाम दिसला. इथे तर वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी ती पिशवी हातात आली की जिवाला बरं वाटलेलं. डोळे इतक्यात कसे विसरतील?

बाईंना म्हटलं, "पहिली नजर मोजू नका. पाय रेंगाळतात का, घशाला कोरड पडते का, पैशांचा हिशेब लपतो का, ते बघा. तसं झालं तर लगेच डॉक्टरांकडे या." गृहस्थांना सांगितलं, दुकानासमोरचा फुटपाथ सोडा आणि डोळ्यांना दुसरं काम द्या. मासळीची त्यांना भारी पारख, म्हणून संध्याकाळचा बाजार त्यांच्याकडे आला. ताजा बांगडा घरी आणला की कौतुक व्हायचं, आणि ते व्हायलाच हवं. जुन्या सवयीसमोर नव्या सवयीलाही काही मिळायला नको का?

नजर अजून जाते, पण भांडण थांबलंय. एका पगाराच्या दिवशी मात्र पाय खरंच थांबले. त्यांनी तिथूनच बाईंना फोन लावला. "उभे राहू नका, स्टेशनकडे चालायला लागा, मी निघालेच," एवढंच त्या म्हणाल्या.