साथीच्या काळात सरकारी सूचनांत 'गरोदर महिला' म्हणावं की 'गरोदर व्यक्ती'?

'गरोदर बाई' म्हणा. माझं उत्तर एवढंच आहे. पण प्रश्न वाचून जुनं काहीतरी वर आलं, म्हणून पुढं लिहिते.

प्रश्नात अमेरिकेच्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, दाखला दिलाय. ऑगस्ट 2021 मध्ये लशीची शिफारस करताना त्यांनी 'प्रेग्नंट पीपल' म्हटलं, तर आपणही तसं करावं का, असं विचारलंय. दाखला खरा आहे. पण आमच्याकडं सूचनेतून बाईला गाळायला अमेरिकेची गरज कधी पडली नाही. त्याला तालुक्याच्या ऑफिसातला एक साहेब पुरतो.

मी बेळगावच्या पश्चिमेला, महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीजवळच्या गावात मराठी शाळेत शिकवते. 2021 साली शाळा बंद होत्या आणि आम्हाला पंचायतीच्या कोविड ड्युटीला लावलं होतं. कागद यायचे कन्नडमध्ये. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं त्यांच्या भाषेत सूचना द्यायचा नियम आहे. तो कसा पाळला जातो हे सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको. तर मराठी करायचं काम माझ्याकडं आलं. मी मोबाइलवर बोलायचं आणि ते रेकॉर्डिंग रिक्षावर भोंगा बांधून गल्लीगल्लीत वाजवायचं, अशी पद्धत होती.

आता तेव्हाची परिस्थिती आठवा. जानेवारी 2021 मध्ये लसीकरण सुरू झालं तेव्हा केंद्राची सूचना होती की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस द्यायची नाही. चाचण्यांत गरोदर बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळं माहिती नव्हती. 19 मे ला पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली आणि 2 जुलैला गरोदर बायकांना, कुठल्याही महिन्यात. म्हणजे सहा महिने ज्यांना 'तुम्ही घेऊ नका' सांगितलं, त्यांनाच आता 'घ्या' सांगायचं होतं. दुसऱ्या लाटेत गरोदरपणी कोविड झालेल्या बायकांचे हाल सगळ्यांनी बघितले होते. आयसीयूची वेळ येण्याचा आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा धोका त्यांना जास्त. मग उलटलेला निरोप त्याच नावानं हाक मारून सांगायला नको का?

कागदात काय होतं? 'सर्व पात्र फलानुभवी'. आमच्या मराठीत लाभार्थी.

मी ते बाजूला ठेवलं आणि आपल्या बोलीत, बाईला हाक मारून लिहिलं. पोटात बाळ असलं तरी लस घेता येते, कुठल्याही महिन्यात. अंगावर पाजत असाल तरी घेता येते. पाळी चालू असली तरी घेता येते. पाळीचं मुद्दाम घातलं. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नये, असा मेसेज एप्रिलपासून व्हॉट्सॲपवर फिरत होता. पीआयबीनं, म्हणजे केंद्राच्या माहिती कार्यालयानं, तो खोटा म्हणून जाहीर केला, पण आमच्या गावातल्या किती बायका पीआयबी बघतात? मेसेज मात्र प्रत्येक घरात पोचला होता, आणि तो बाईला बाई म्हणूनच गाठत होता. त्याला 'नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये' हे काही उत्तर नव्हे.

साहेबांना मसुदा दाखवला. ते म्हणाले, "पाळीबिळी भोंग्यावर? देवळासमोरनं रिक्षा जाणार, टीचर." त्यांनी ती ओळ काढली, पोटातलं बाळ काढलं आणि लाभार्थी परत घातलं.

घरी येऊन मी पुण्यातल्या दिरांना फोन केला. भाऊजी एका संस्थेसाठी सोशल मीडियावरचं लिहितात. वाटलं, हे तरी आपली बाजू घेतील. त्यांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, 'बाई' नको, 'व्यक्ती' करा. मूल होणं म्हणजेच बाई, असा अर्थ निघतो. सर्वसमावेशक भाषा हवी." म्हणजे साहेबांना ते अश्लील वाटलं, भाऊजींना मागासलेलं वाटलं, आणि दोघांच्याही पेनानं खोडली ती एकच ओळ. हे मी अजून विसरले नाही. नंतर दोन दिवाळ्या आमचा यावरून वाद झाला, आणि त्यात प्रत्येक वेळी मला 'तुम्हाला मोठं चित्र दिसत नाही' हे ऐकावं लागलं.

रिक्षा साहेबांचं वाजवत फिरली. पलीकडच्या घरातली सून सात महिन्यांची होती. माहेर चंदगड तालुक्यात, पहिलं बाळंतपण तिकडं व्हायचं होतं, आणि हद्दीवर तपासणी चालू, म्हणून आधीच जिवाला घोर. ती दारात येऊन म्हणाली, "काय सांगूलालीस ओ बाई त्या भोंग्यावर? लाभार्थी म्हणजे रेशन कार्डवाले काय?" तिचं चुकलं नव्हतं. तिनं तो शब्द रेशन आणि घरकुल सोडून कशासाठी ऐकलाच नव्हता.

मग मी माझंच रेकॉर्डिंग मारुतीच्या देवळातल्या स्पीकरवर लावलं, भजनाच्या आधी. पुजारीबुवा माझे विद्यार्थी, ते नाही कसं म्हणतील. दुसऱ्या दिवसापासून बायका तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड) हातात घेऊन विचारायला यायला लागल्या. आशाताईंनी घरोघर जाऊन तेच शब्द पुन्हा सांगितले, आणि खरं काम त्यांचंच. (आदल्या वर्षी, जुलै 2020 मध्ये, याच आशांना 12,000 रुपये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला होता. संदेश कसा लिहावा यावर चर्चासत्रं घेणाऱ्यांनी तो पोचवणाऱ्यांचा पगारही कधीतरी विचारावा.)

कट्ट्यावरच्या एका आजोबांनी पंचायतीत तक्रार केली. पीडीओंनी (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी) मला बोलावून आवाज कमी करायला सांगितलं, बंद करायला नाही. पण तेच आजोबा जाताना म्हणाले, "सगळं बायकांचंच सांगतीस, आमचं काय?" हा मुद्दा मला पटला. कोविडनं पुरुष जास्त गेले, जगभर हेच दिसलं. आणि लशीनं नपुंसकत्व येतं ही अफवा आमच्याकडं जोरात होती. जानेवारी 2021 मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी स्वतः पत्रकारांसमोर तिला निखालस खोटी म्हटलं होतं. गावात मात्र कुणी स्पष्ट बोलत नव्हतं. पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये मी 'पुरुषांची ताकद जात नाही, मूल व्हायला अडचण येत नाही' घातलं. ते ऐकून साहेबांचा फोन आलाच, पण तोवर वाजून झालं होतं.

दुसरी अडचण मोबाइलची. कोविनवर तेव्हा एका नंबरवर चार जणांची नोंदणी व्हायची, नंबर नवऱ्याचा, ओटीपी नवऱ्याच्या खिशात आणि नवरा उद्यमबागच्या कारखान्यात. 2021 च्या मध्यात देशभर लस घेतलेल्यांत बायका पुरुषांच्या मागं होत्या, त्यात याचाही वाटा आहे. नुसत्या शब्दांनी सगळं सुटतं असं मी म्हणत नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. एक, बायका सांगत होत्या की लशीनंतर पाळी पुढं गेली, आणि त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं जात होतं. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात डोसनंतरचं चक्र सरासरी एका दिवसापेक्षा कमी लांबलेलं दिसलं. म्हणजे फरक होता, किरकोळ होता. हे आधीच मोकळेपणी बोललं असतं तर अफवेला एवढी जागा मिळाली नसती.

दुसरी गोष्ट भाऊजींच्या बाजूनं जाते, म्हणून मागं ठेवली होती. आमचा जिल्हा सौंदत्तीच्या यल्लम्माचा, इथं जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेल्या तृतीयपंथी व्यक्ती, पूर्वीपासून आहेत. केंद्रावर एकीकडं पुरुषांची आणि दुसरीकडं बायकांची रांग केली होती, आणि एक जोगप्पा दोन्ही रांगा सोडून चिंचेखाली उभ्या राहिल्या. रांगेला कुणाच्या अंगाशी काय देणंघेणं? आम्ही टोकन वाटली आणि रांग एक केली. कोविनवर 'इतर' असा पर्याय होता, तो भरायला ऑपरेटर लाजत होता, त्याला बाजूला घेऊन सांगावं लागलं. पाळी, गर्भ, दूध यांचा विषय असेल तिथं नाव घ्या. नसेल तिथं बाई-पुरुष लिहायची गरज नाही. आणि एखादी व्यक्ती गरोदर असून स्वतःला बाई म्हणत नसेल, तर डॉक्टरांनी तिला हवं तसं बोलवावं, त्यात कुणाचं काही जात नाही. ब्रिटनमध्ये ब्रायटनच्या सरकारी रुग्णालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये प्रसूती विभागात 'महिला आणि बाळंत होणाऱ्या व्यक्ती' असं घेतलं होतं. बातम्यांत गदारोळ झाला, पण त्यांनी 'महिला' काढलं नव्हतं, पुढं जोडलं होतं. जोडायला माझी ना नाही. भाऊजींनी मात्र खोडलं होतं.

ते परवा म्हणाले, "वहिनी, तो वाद आता जुना झाला." बरं. गणपतीला सगळे येतील तेव्हा पंगतीला मी 'सर्व पात्र लाभार्थींनी पानावर बसावे' अशी हाक मारणार आहे. बघू भाऊजी उठतात का.